आलटून पालटून रंगणारी नाटके

एकच नाटक प्रेक्षक ओसरेपर्यंत चालवण्याऐवजी अनेक नाटके तयार ठेवून ती आलटून पालटून सादर करण्याच्या पद्धतीला ‘रेपर्टरी’ म्हणतात; हा शब्द मराठीत उशिरा रुळला असला, तरी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर मंडळी आणि १९१३ साली बालगंधर्वांनी सहकाऱ्यांसह काढलेली गंधर्व नाटक मंडळी याच पद्धतीवर उभ्या होत्या. गावोगाव मुक्काम करणाऱ्या मंडळीला एका नाटकावर भागणे शक्य नव्हते, कारण लहान गावातला प्रेक्षकवर्ग मर्यादित असे व तोच पुन्हा यावा, तर ‘सौभद्र’नंतर ‘मानापमान’ लावावे लागे. त्यामुळे पगारी नट, साथीदार आणि भटारखाना यांचे बिऱ्हाड एकत्र नांदे, नटाला अनेक भूमिका मुखोद्गत ठेवाव्या लागत, आणि रस्ता, अरण्य, राजवाडा असे रंगवलेले पडदे अनेक नाटकांना चालत. बालगंधर्व सुभद्रा, भामिनी, सिंधू अशा परस्परभिन्न नायिका वर्षानुवर्षे साकारू शकले, त्यामागे प्रतिभेइतकीच ही व्यवस्थाही होती, जिला श्रेय सहसा कोणी देत नाही. मात्र प्रयोग नसला तरी पगार व जेवणावळी थांबत नसत. पुढे बोलपटाने प्रेक्षक ओढून नेल्यावर हा डोलारा पेलणे बहुतेक मंडळ्यांना अशक्य झाले.