विश्लेषण : बायबलच्या एका वचनामागचा संदर्भ मोबाइलवर कसा शोधाल?

दहावीचा निकाल असो, नवी नोकरी असो की १ जानेवारीची सकाळ. ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वचन हमखास येते. यिर्मया २९:११. देवाने तुमचे भले योजले आहे, वाईट नव्हे, अशा आशयाचे. मागे उगवता सूर्य, खाली शुभेच्छा. वचन खरेच बायबलमधले आहे, त्यात खोट काहीच नाही. पण ते कोणाला, कधी आणि कशासाठी सांगितले गेले, हे त्या चित्रात नसते. पूर्वी हे शोधायला पाद्रीसाहेबांचे ग्रंथालय लागे. आज त्यातले बरेचसे फुकट आणि मोबाइलवर आहे. ते वापरायचे कसे आणि कुठे जपायचे?

हे वचन नेमके कोणासाठी होते?

सर्वांत उपयोगी साधन सर्वांत साधे आहे. ‘यूव्हर्जन’ किंवा ‘बायबल गेटवे’वर वचन उघडायचे आणि त्याच्या मागचे-पुढचे वाचत सुटायचे, शक्य तर आधीच्या अध्यायापासून. यिर्मयाचा २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इसवीसनपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून कैद करून नेलेल्या लोकांना ते लिहिलेले आहे. त्याआधीच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल. यिर्मयाचे पत्र त्याच्या नेमके उलट आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, कारण परतीला ७० वर्षे लागतील. हे सत्तर वर्षांचे वाक्य दहाव्या वचनात आहे. व्हॉट्सॲपवर फिरते ते अकरावे.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांच्या हयातीत परतीचा दिवस उगवणार नव्हता. फरक बारीक वाटेल, पण नाही. हे वचन ‘नोकरी मिळेलच’ अशी हमी म्हणून वाचणारा माणूस नोकरी न मिळाल्यावर आपलीच श्रद्धा कमी पडली, असे समजून खचतो. पत्रात तशी हमी नव्हतीच.

शब्दापुढचा क्रमांक काय सांगतो?

पुढची पायरी मूळ भाषेची. जुना करार मुख्यतः इब्री भाषेत (काही भाग अरामी) आणि नवा करार ग्रीकमध्ये आहे. जेम्स स्ट्राँग या अमेरिकी अभ्यासकाने १८९० मध्ये बायबलची प्रचंड शब्दसूची छापली आणि मूळ शब्दांना क्रमांक दिले. इब्रीला आठ हजारांहून अधिक, ग्रीकला पाच हजारांहून अधिक. लिपी वाचता येत नसली तरी क्रमांक धरून शब्दाचा माग काढता येतो. ‘ब्लू लेटर बायबल’, ‘बायबल हब’ आणि केंब्रिजच्या टिंडेल हाउस या संशोधन संस्थेचे ‘स्टेप बायबल’ ही सगळी संकेतस्थळे हीच सोय देतात.

अकराव्या वचनात ‘भले’ या अर्थाच्या शब्दावर बोट ठेवले की येतो ‘शालोम’, क्रमांक ७९६५. इंग्रजीच्या किंग जेम्स आवृत्तीत तिथे शांती आहे, अलीकडच्या एका लोकप्रिय इंग्रजी आवृत्तीत भरभराट. दोन्ही छटा शालोममध्ये बसतात. आता त्याच क्रमांकाचा शोध घेतला की गंमत दिसते. चार वचने आधी, सातव्यात, हाच शब्द तीनदा आला आहे आणि तो बाबेल शहराबद्दल आहे. ज्यांनी तुम्हाला कैद करून आणले, त्यांच्या नगराचे शालोम पाहा, त्यातच तुमचे शालोम आहे, असा त्याचा रोख. अकराव्यातले भले सातव्यातल्या या शेजाऱ्यांच्या भल्याशी जोडलेले आहे. भाषांतरात दोन जागी दोन शब्द पडले की हा धागा तुटतो. क्रमांक तो पुन्हा जोडून देतो.

एका बाबतीत मात्र मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुढे आहे. आजच्या इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम. मराठी बायबलमध्ये एकट्याशी बोलताना सहसा ‘तू’ असते. त्यामुळे इथले ‘तुम्ही’ हे संपूर्ण समाजाला उद्देशून आहे, हे लगेच कळते. मूळ इब्रीतही अनेकवचनच आहे.

शब्दकोश कुठे फसवतो?

क्रमांक म्हणजे अर्थ नव्हे. क्रमांकाखाली त्या शब्दाच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या छटांची यादी असते. ती सगळी यादी एकाच वाक्यात कोंबली की गोंधळ होतो. मराठीत ‘कर’ म्हणजे हातही आणि सरकारला द्यायचा तोही. पण ‘पालिकेचा कर भरला’ या वाक्यात कोणी हात शोधत नाही.

प्रसिद्ध उदाहरण योहान २१चे. येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’ आहे, तिसऱ्यात ‘फिलेओ’, आणि पेत्राची तिन्ही उत्तरे ‘फिलेओ’त. यावरून अनेक प्रवचने झाली: पहिले प्रेम दैवी, दुसरे केवळ मैत्रीचे. ऐकायला देखणे आहे. पण दोन्ही शब्द योहानच्या शुभवर्तमानात शोधा. पित्याचे पुत्रावरील प्रेम ३:३५ मध्ये पहिल्या शब्दाने येते आणि ५:२० मध्ये दुसऱ्या. मग ते देवाचे प्रेम दुय्यम म्हणायचे का? शिवाय याच संवादात कोकरे-मेंढरे, चारणे-पाळणे असे शब्दही आलटूनपालटून येतात. ही लेखकाची लकब असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या साधनाने चूक होते, त्याच साधनाने ती पकडताही येते; फक्त दोन मिनिटे जास्त लागतात.

फुकट का, आणि त्याची किंमत काय?

यूव्हर्जन अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका चर्चने सुरू केले. त्यात जाहिरात नाही, शुल्क नाही. बाकी ठिकाणी जे फुकट मिळते, त्यातले पुष्कळसे स्वामित्वहक्क संपलेले आहे. त्यामुळे शोधात वारंवार समोर येणारे मॅथ्यू हेन्रींचे भाष्य हे १७१४ मध्ये वारलेल्या धर्मोपदेशकाचे आहे. भक्तीसाठी ते आजही वाचनीय आहे, पण १९४७ पासून सापडू लागलेल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्या त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. नव्या संशोधनासाठी ‘नेट बायबल’च्या ६० हजारांहून अधिक टिपा मोफत वाचता येतात. आणि यिर्मया हा मुळात यहुदी धर्मग्रंथ असल्याने ‘सेफारिया’वर राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराचे म्हणणेही पाहावे. प्रत्येक भाष्याला आपापला पंथ असतो. तळटीप वाचण्याआधी संकेतस्थळ कोणाचे, हे त्याच्या माहितीच्या पानावर बघून घ्यावे.

मूळ हस्तलिखितेही आता पडद्यावर आहेत. चौथ्या शतकातील कोडेक्स सिनायटिकसची पाने चार संस्थांत विखुरलेली आहेत; २००९ पासून ती एकत्र ऑनलाइन दिसतात. त्यात मार्कचे शुभवर्तमान १६:८ लाच संपते. अनेक छापील बायबलांत त्यापुढची बारा वचने कंसात का असतात, याचे उत्तर तिथे दिसते.

मराठीत काय मिळते?

मराठी बायबलच्या एकाहून अधिक आवृत्त्या मोबाइलवर मोफत आहेत, ऐकण्याचीही सोय आहे. शब्दांच्या क्रमांकाची साधने मात्र बहुतांश इंग्रजीतच. व्यवहारात जमते ते असे: एका टॅबमध्ये मराठी अध्याय, दुसऱ्यात तेच वचन स्टेप बायबलवर. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खे बायबल मराठीत आणले, तेव्हा असे काहीच हाताशी नव्हते.

एआय चॅटबॉटला विचारल्यास उत्तर गोड मराठीत आणि झटक्यात मिळते, पण तो कधी नसलेले वचनही ठामपणे सांगतो. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ बायबलमध्ये उघडून पाहावा.

यिर्मयाचे पत्र मिळाल्यावर बाबेलमध्ये काय झाले, तेही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. शमाया नावाच्या एका कैद्याने ते वाचून यरुशलेमला उलट पत्र धाडले: मुक्काम लांबणार, घरे बांधा असे सांगणाऱ्या या माणसाला अजून कोणी आवरले कसे नाही? हा भाग व्हॉट्सॲपवर येत नाही.