इंजिन मागे, मग वारा कुठून आणायचा?

तळेगाव एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यातून सप्टेंबर २००८ पासून शेव्हरोलेच्या गाड्या निघायच्या, तिथून आता ह्युंदाईची नवी व्हेन्यू निघते. मधे डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सचं काम थांबलं, २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि २०२५ मध्ये लाइन पुन्हा सुरू झाली. मी राहायला तळेगाव स्टेशनला, कामाला चाकणला. काम रेडिएटर आणि इंटरकूलरचं. त्यामुळे या सतरा वर्षांचा माझा हिशेब थोडा वेगळा आहे. गाडीचं नाव, रंग, किंमत मला नंतर आठवतात. तिच्या टर्बोतून निघालेली तापलेली हवा थंड कुठे केली, हे आधी आठवतं.

त्या हिशेबात दोन गाड्या कायमच्या रुतून बसल्या आहेत. दोन्ही दोन सीटच्या, दोन्ही टर्बो, आणि दोन्हींचं इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. पहिली गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. जानेवारी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा दिसली. पुढे ती पुणे परिसरात बांधली जाऊ लागली तेव्हा तिच्यात रेनोचं दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन होतं, २५० बीएचपीचं. दुसरी टाटांची टॅमो रेसमो, मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली. तिचं इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, पण टर्बोच्या जोरावर १९० पीएस देणारं. पिंपरी-चिंचवडला टाटा म्हणजे घरचीच कंपनी. रेसमोचे फोटो आले त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये जेवण बाजूला राहिलं होतं. पुढच्या वर्षभरात तो प्रकल्प गुंडाळला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

टर्बो गाडीत इंटरकूलर का लागतो, हे आमच्या तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा. टाटांच्या ट्रकच्या इंजिनावरची टीसीआयसी ही अक्षरं त्याने वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यातलं आयसी म्हणजेच इंटरकूलर. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाला हात लावला की कळतं तसंच. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर बरा टर्बोसुद्धा ती १३५-१४० अंशांवर नेऊन ठेवतो. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. शिवाय पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन नॉक करायला लागतं, मग संगणक ठिणगी मागे घेतो आणि ताकद गळते. त्या काळी आपल्याकडचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, म्हणजे नॉक लवकर गाठणार. चांगला इंटरकूलर हीच हवा ७० अंशांपर्यंत आणतो. अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर त्यासाठी साधारण बारा किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातले दोन-दोन किलोवॉटचे सहा गिझर एकदम चालू असल्याचं डोळ्यांसमोर आणा, तेवढी.

इंजिन पुढे असलं की हे सोपं असतं. बंपरमागे इंटरकूलरचा कोअर, म्हणजे त्याचा जाळीदार गाभा, लावायचा, समोरचा वारा फुकट मिळतो. अवंतीचं रेनो इंजिन मुळात अशाच, पुढे इंजिन असलेल्या गाड्यांसाठी बनलेलं. ते उचलून सीटमागे नेलं की इंजिन येतं, त्याचा वारा मागे येत नाही. मिड-इंजिन, म्हणजे असं सीटमागे इंजिन असलेल्या, गाडीतला सगळा झगडा इथून सुरू होतो.

जगाने त्यावर दोन वाटा काढल्या. पहिली, दाराच्या मागे बाजूला झरोका ठेवायचा आणि तिथेच हवेने थंड होणारा कोअर बसवायचा. टोयोटा एमआर२ टर्बोत तो मागच्या चाकाच्या बाजूच्या कप्प्यात होता. १९८७ च्या फेरारी एफ४० मध्येही हवेवर चालणारे दोन इंटरकूलर होते, बेह्र कंपनीचे. त्याच बेह्रचा भारतातला कारखाना आमच्या चाकण पट्ट्यात उभा राहिला, हे नव्या मुलांना सांगताना मला बरं वाटतं. दुसरी वाट इंग्लंडच्या लोटसची. त्यांच्या एस्प्री टर्बोला कित्येक वर्षं इंटरकूलरच नव्हता. १९८९ च्या एस्प्री टर्बो एसईमध्ये त्यांनी पाण्याचा इंटरकूलर आणला. इंजिनाजवळ छोटा कोअर, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते पाणी वेगळ्या रेडिएटरमध्ये थंड करायचं. त्याला ते चार्जकूलर म्हणत.

बाजूच्या झरोक्याची वाट स्वस्त आणि हलकी, म्हणून हौशी माणसाचा हात आधी तिकडेच जातो. आठेक वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने हौसेने बांधलेली मिड-इंजिन गाडी आमच्याकडे आली होती. तक्रार एकच, घाटात पाच मिनिटांत दम तोडते. कोअर काढून पाण्याच्या टाकीत बुडवला, आतून हवेचा दाब दिला; एकही बुडबुडा नाही. फिन सरळ, होज घट्ट, क्लॅम्प नीट. मग झरोक्याच्या तोंडावर लोकरीचे धागे चिकटवले, मी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बाजूने दुसऱ्या गाडीतून पाहत गेलो. धागे आत ओढले जायला हवे होते. ते नुसते थरथरत होते, अधूनमधून बाहेर वळत होते. कारण साधं होतं. हवेला आत यायला भोक होतं, बाहेर पडायला वाटच नव्हती. कोअरच्या मागे गरम एक्झॉस्ट, बंद कप्पा आणि कोंडलेली हवा. कोअरच्या कडा फोमने बंद केल्या, मागच्या पॅनेलला जाळी कापून वाट दिली, टर्बोला उष्णतारोधक चादर गुंडाळली. धागे आत झोपले. गाडीला नवा पार्ट एकही लागला नाही.

तो दिवस मी विसरलेलो नाही, कारण तोवर मीसुद्धा कोअरच्या आकाराकडेच पाहायचो. मोठा कोअर म्हणजे जास्त थंड, एवढंच. पण मोठ्या कोअरमध्ये दाब पडतो, लांब पाइपात पॅडलला प्रतिसाद उशिरा मिळतो, आणि मागे वाट नसेल तर मोठा कोअर नुसता जास्त गरम अॅल्युमिनियम ठरतो.

तरीही ती हौशी गाडी चाकणच्या तळेगाव चौकात दुपारी एक वाजता उभी राहिली असती, तर काय झालं असतं? इंदोरी, खालुंब्रे, महाळुंगे, खराबवाडी करत कंटेनरच्या मागे सरकणारा तो रस्ता रोज ज्याच्या वाट्याला येतो त्याला उत्तर माहीत आहे. वारा शून्य, खालून डांबराची धग, मागून एक्झॉस्टची. हवेचा कोअर अशा वेळी थंड करायचं सोडून उलट हवेलाच तापवतो. पुढे मोकळा रस्ता मिळाला तरी पहिला जोर वाया जातो.

इथे पाणी कामी येतं. पाच लिटर पाण्यात ती बारा किलोवॉट उष्णता दहा सेकंद ओतली तरी पाणी जेमतेम सहा अंशांनी तापतं. म्हणजे ओव्हरटेक होऊन जातो आणि इंजिनाला कळतही नाही. मग पंप ते पाणी गाडीच्या नाकाशी असलेल्या रेडिएटरला नेतो, जिथे वारा आहे, आणि गाडी थांबली तर पंखा आहे. पाण्याचा पाइप हवेच्या पाइपापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे दाराखालच्या सिलमधून तो पुढे नेता येतो. मागे हवेची वाट आखूड राहते. उणिवाही आहेत. वजन वाढतं, पंप बंद पडू शकतो, आणि एवढ्या लांब लाइनमध्ये एअर धरली तर पाणी फिरतच नाही. म्हणून सर्वात उंच जागी ब्लीड, म्हणजे अडकलेली हवा सोडायचा स्क्रू, लागतोच. खंडाळ्यासारख्या लांब चढावर पाण्याचा साठा संपतो आणि शेवटी पुढचा रेडिएटर किती मोठा, यावरच सगळं येतं.

आणि हे सगळं शोधायला इंग्लंडला जायची गरज नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली. १.२ लिटर, १०५ पीएस, आणि इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डच्या आत, पाण्याने थंड होणारा. त्याचं पाणी इंजिनाच्या पाण्यापासून वेगळं, पंप विजेवर चालणारा, इंजिन बंद केल्यावरही गरजेपुरता फिरणारा. टर्बोपासून सिलिंडरपर्यंतची वाट हाताच्या वितीत मोजावी इतकी. ती गाडी पुढे इंजिन असलेली होती, तिला वाऱ्याची ददात नव्हती, तरी त्यांनी पाणी निवडलं. मिड-इंजिन गाडीला ज्याची खरी गरज, ते तळेगावपासून वीसेक किलोमीटरवर कुटुंबाच्या छोट्या गाडीत रोज बसवलं जात होतं. २०२१ पासून चाकणला स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन आल्या, त्याही टीएसआय इंजिनं घेऊन. म्हणजे हे काम करणारे हात, ब्रेझिंगच्या भट्ट्या, लीक टेस्टची बाकं सगळं आपल्याकडे आहे. टाटा टोयोचा रेडिएटर कारखाना हिंजवडीला, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यात. रेसमोसारखी गाडी पुन्हा काढायला कुणाला बाहेर जावं लागणार नाही.

म्हणून या पट्ट्यात पुढची मिड-इंजिन टर्बो गाडी जो कुणी बांधेल, त्याला माझं एकच सांगणं. इंजिनावर पाण्याचा छोटा कोअर घाला, नाकाशी मोठा रेडिएटर आणि पंखा द्या, ब्लीडची जागा सर्वात वर ठेवा, आणि बाजूचा झरोका तेलाच्या कूलरसाठी व इंजिनाच्या कप्प्यासाठी राखून ठेवा. हवेचाच कोअर घ्यायचा हट्ट असेल तर आधी हवा बाहेर पडायची वाट आखा, मग आत यायची. आणि चाचणी फक्त घाटात नको. मे महिन्यात, दुपारी एकला, तळेगाव स्टेशनवरून निघून चाकणच्या त्याच तळेगाव चौकापर्यंत जा, पाऊण तास रांगेत उभे राहा, आणि मोकळा रस्ता दिसताच पॅडल पूर्ण दाबून इनटेकचं तापमान बघा.

त्या दिवशी मला बोलवा, धागे मी घेऊन येतो.