घोटभर थांबलेला श्वास

पक्षाघातातून सावरताना आजी दाट खीर बिनघोर खायची, पण पाण्याचा घोट घेतला की तिला ठसका लागायचा. आम्हाला हे उलटंच वाटे. पाणी तर आपसूक उतरतं ना! त्या कोड्यामागे लागले आणि गळ्यात केवढा कारभार चालतो ते कळलं.

कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. मणी वर सरकतो, क्षणभर तिथेच थांबतो, खाली येतो. अख्खं स्वरयंत्र उचललं गेलं, आणि तेवढा वेळ तुमचा श्वास बंद होता. दिवसातून शेकडो वेळा असं होतं, झोपेतसुद्धा अधूनमधून होतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

याचं कारण गळ्याच्या रचनेत आहे. नाक वर, तोंड खाली. पण गळ्यात उतरल्यावर श्वासनलिका पुढे येते आणि अन्ननलिका तिच्या मागे जाते. म्हणजे हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून पुढे जातो, या विचित्र गोष्टीची नोंद डार्विननेही 1859 च्या आपल्या ग्रंथात केली होती.

जिभेने घास मागे लोटेपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. पुढची सूत्रं मेंदूच्या तळाचा भाग घेतो. मऊ टाळू उचलला जाऊन नाकाकडची वाट मिटते. स्वरतंतू एकमेकांना चिकटतात. पानाच्या आकाराची एपिग्लॉटिस नावाची कूर्चा श्वासनलिकेच्या तोंडावर कलते आणि एरवी आवळलेलं अन्ननलिकेचं दार उघडतं. या सगळ्याला लागतो जेमतेम एक सेकंद.

मला सर्वांत थक्क केलं ते श्वासाच्या वेळेने. आपण बहुधा उच्छ्वास चालू असताना मध्येच थांबून गिळतो आणि गिळून झाल्यावर पुन्हा उच्छ्वासच करतो. दाराशी एखादा कण रेंगाळला असेल, तर पहिली झुळूक त्याला आत ओढत नाही, बाहेर ढकलते. किती शहाणी योजना! दूध ओढणाऱ्या तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र गळ्यात बरंच वर असतं, म्हणून ते एकाच वेळी पितं आणि श्वासही घेतं, असं सर्रास सांगतात. पण नीट मोजलं, तर प्रत्येक घोटाला तेही निमिषभर थांबतं.

जेवताना हसू फुटलं की हा ताल मोडतो. हसता हसता आपण एकदम हवा आत ओढतो आणि भाताचं शीत तिच्यासोबत जातं. मग ठसका. घरात कोणीतरी पाठ थोपटतं, ‘वर बघ’ म्हणतं. पण माणूस जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावं. तोच सर्वांत चांगला उपाय असतो.

भीती वाटावी ती शांततेची. हात गळ्याशी गेलाय, पण आवाज नाही, खोकला नाही: श्वासनलिका पुरती बुजली आहे. अशा वेळी माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्यायच्या. त्याने भागलं नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाबायचं आणि कोणालातरी 108 ला फोन करायला सांगायचं. फुप्फुसात उरलेल्या हवेनेच अडकलेला तुकडा बाहेर उडवायचा, ही युक्ती हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदाने 1974 मध्ये मांडली. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नसतं. त्याला पालथं धरून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीवर दाब द्यायचा. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊच नयेत. त्यांची श्वासनलिका अरुंद असते आणि दाढांनी बारीक चावणं त्यांना अजून जमत नाही.

आता आजीचं पाणी. खीर एकत्र राहून सावकाश येते. पाणी पसरतं, धावतं आणि दारं मिटायच्या आत तिठ्यावर पोचतं. आजीच्या गळ्याला सेकंदाचा एखादा अंश उशीर होत होता, आणि पाण्याला तेवढा पुरेसा होता. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचं पाणी दाट करून द्यायला सांगितलं, शिवाय घोट घेताना हनुवटी छातीकडे झुकवायलाही. ‘वर बघ’च्या अगदी उलट!

काही महिन्यांनी तिने फुलपात्रातून साधं पाणी मागितलं. बाईंनी होकार दिला होता, तरी मी तिच्या गळ्यावरची नजर काढली नाही. सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी वर गेलं, थांबलं, खाली आलं. मग तिने श्वास सोडला आणि फुलपात्र पुन्हा पुढे केलं.