फिरते चाक आणि रुतलेले चाक

हिमायतनगरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जीप रुतली, की मागचे एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म हलत नाही. लोक ड्रायव्हरला नावे ठेवतात. दोष त्याचा नसतो. वळणावर बाहेरच्या चाकाला अंतर अधिक पडते, म्हणून आसात डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना जोर सारखा वाटते. पण निसरड्यावरच्या चाकाला पेलेल तेवढाच! समान वाटपाचे आम्हांला वावडे नाही, परंतु ही समता कोणाच्याच कामाची नाही.

यासाठी घसरण आवरणारे डिफरन्शियल वेगळे घेऊन बसवता येते. एक प्लेटांचे. स्प्रिंगने दाबलेल्या प्लेटा चाकाला एकटे पळू देत नाहीत. चाक उचलले गेले तरी दुसऱ्याकडे थोडा जोर जातोच. मात्र प्लेटा झिजतात, तेलही खास लागते. दुसरे तिरक्या दात्यांचे. डांबरी वळणावर वेगाने जाणाऱ्या मोटारीला आम्ही हेच सुचवू, झीज थोडी. पण एक चाक अधांतरी झाले, की तेही जवळजवळ हतबल. तेव्हा मागच्या चाकांचा हँडब्रेक किंचित ओढला तर काम भागते. ट्रॅक्टरचे लॉक निराळे: चिखलात सरळ जाताना दाबावे, वळण्याआधी सोडावे, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही आणि आसावर ताण येतो.

मालक आधी किंमत विचारतो. चाक नुसते घसरते की उचलले जाते, हे रोज गाडी हाकणाऱ्याला ठाऊक असते. त्याला मात्र कोणी विचारीत नाही.