माहितीची पारख आणि तिची जोडणी

प्राथमिक शाळेतील सर्वसाधारण नोंदवही म्हणजे केवळ जुन्या कागदांचा गठ्ठा नव्हे. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व शाळाप्रवेशाचा दिनांक यांचा तो मूळ पुरावा होय. जन्मभर लागणारे अनेक दाखले याच पुराव्याच्या आधारे मिळतात. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली आली आणि २०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. त्यामुळे वहीतील अक्षरे आता संगणकाच्या तक्त्यातही उतरली आहेत. वहीत लेखणी चुकली तर एका मुलाचे नुकसान होते. तक्ता चुकीच्या रीतीने भरला गेला, तर एकाच वेळी शेकडो मुलांच्या नोंदी बिघडतात. म्हणून अशा तक्त्याची प्रथम पारख करावी लागते. तिलाच ‘डेटा प्रोफाइलिंग’ म्हणतात.

पेरणीपूर्वी शेतकरी मूठभर बियाणे तळहातावर घेऊन पाहतो, तशीच ही क्रिया आहे. मात्र येथे मूठभर नव्हे, तर सर्व नोंदी पाहता येतात. कोणत्या रकान्यात किती जागा रिकाम्या आहेत, कोणती नोंद किती वेळा आली आहे, अंकांची लांबी बरोबर आहे काय, एकच क्रमांक दोघांना दिला गेला आहे काय, हे पारखीतून कळते. यात दुरुस्ती काहीच करावयाची नसते. फक्त पाहावयाचे असते.

मुक्ताईनगर तालुक्याचेच उदाहरण घेऊ. या गावाचे पूर्वीचे नाव एदलाबाद. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले व हा मुलूख पूर्व खानदेश जिल्ह्यात आला. १९६० साली त्या जिल्ह्याला जळगाव हे नाव मिळाले. आता जुन्या वह्यांतील नोंदी एका तक्त्यात घेतल्या, तर जन्मस्थळाच्या रकान्यात ‘एदलाबाद’, ‘मुक्ताईनगर’ आणि मध्ये जागा सोडून लिहिलेले ‘मुक्ताई नगर’ अशी तीन रूपे सहज आढळतील. माणसाला हे एकच गाव आहे. यंत्राला मात्र ती तीन गावे वाटतात.

ही पारख करण्याची अनेक साधने आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरबरोबर येणाऱ्या ‘इंटिग्रेशन सर्व्हिसेस’मधील ‘डेटा प्रोफाइलिंग टास्क’ हे त्यांपैकी एक होय. त्याची जोडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जोडणीच्या प्रकाराची. हे साधन केवळ एसक्यूएल सर्व्हरमधील तक्तेच वाचते व त्यासाठी ‘एडीओ डॉट नेट’ प्रकारचीच जोडणी लागते. एक्सेलची फाइल त्याला थेट वाचता येत नाही. ती आधी सर्व्हरमधील तक्त्यात भरावी लागते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. जोडणीत सर्व्हरचे नाव, डेटाबेसचे नाव व प्रवेशाची ओळख द्यावी लागते. ‘जोडणी तपासा’ हे बटण दाबल्यावर यश आले, तरी त्यातून दार उघडले एवढेच सिद्ध होते. खोली योग्य आहे हे सिद्ध होत नाही. सरावासाठी केलेल्या डेटाबेसशी जोडणी होऊनही यशाचाच संदेश येतो. यास्तव तक्त्यातील ओळींची संख्या शाळांच्या पटसंख्येशी ताडून पाहावी.

तिसरी गोष्ट अधिकाराची. पारख करणाऱ्याला विद्यार्थ्यांचा तक्ता केवळ वाचण्याचा अधिकार असावा, लिहिण्याचा नसावा. तथापि यंत्राला आकडेमोड करण्यासाठी ‘टेम्पडीबी’ या तात्पुरत्या जागेत तक्ते निर्माण करण्याचा अधिकार लागतो. वही वाचावयाची व बेरीज पाटीवर करावयाची, असाच हा भेद आहे. पाटी दिली नाही तर काम अडते. वहीवर लिहू दिले तर पुरावा बिघडतो.

चौथी गोष्ट भरण्याची. देवनागरी मजकुराचे रकाने युनिकोड प्रकारचे, म्हणजे ‘एनव्हारचार’ असावेत. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. शिवाय एक्सेलची फाइल भरणारा दुवा सामान्यतः पहिल्या आठ ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. पहिले आठ नोंदणी क्रमांक निव्वळ अंकी असले आणि पुढे ‘१२५/अ’ असा क्रमांक आला, तर तो गळून तेथे रिकामी जागा राहू शकते. पारखीत मग ‘नोंद नाही’ असे दिसते व दोष शिक्षकाच्या माथी येतो. वस्तुतः शिक्षकाने क्रमांक लिहिलेला असतो. तो वाटेत गळालेला असतो. म्हणून रिकाम्या जागांबद्दल शाळेला खुलासा विचारण्यापूर्वी तो रकाना मूळ फाइलशी ताडून पाहणे न्यायाचे होय.

जोडणी नीट झाली की पारखीचे फळ दिसू लागते. यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. महाराष्ट्राचे २७ व जळगावचे ०३ मिळून जिल्ह्यातील शाळांचा क्रमांक २७०३ ने सुरू होतो. दहा अंकी वा वेगळा आरंभ असलेला क्रमांक तत्काळ नजरेस येतो. जन्मतारखांच्या वाटणीत १ जूनचा ढीग दिसला, तर त्याचा अर्थही शिक्षक जाणतात. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांना पूर्वी शाळेत घालताना बहुधा हीच तारीख लिहिली जाई. यंत्र ढीग दाखवते. त्यामागील कारण मात्र गावच सांगू शकते.

पारखीच्या अहवालात मुलांची प्रत्यक्ष नावे व तारखा येऊ शकतात. म्हणून तो नोंदवहीइतकाच जपून ठेवावा. अहवालात ‘एदलाबाद’ दिसले म्हणून ते परस्पर पुसू नये. ज्या दिवशी ते लिहिले गेले, त्या दिवशी ते खरेच होते. मोजणीसाठी दुसऱ्या रकान्यात आजचे नाव द्यावे आणि मूळ नोंद जशीच्या तशी राहू द्यावी. शंका दाखविणे हे यंत्राचे काम आहे. तिचा निर्णय मूळ वही उघडून, शिक्षकाला विचारून व नियमानुसारच झाला पाहिजे.