मेहकर: एका लहान शहराचा इतिहास आणि आजोबांचा कागद



हिवरा आश्रम हे नाव बहुतेकांना शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ठाऊक असते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात येथे शेताएवढ्या पंगती बसतात. पण येथल्या माणसाचे रोजचे काम अडते ते तालुक्याला, म्हणजे मेहकरला. बियाणे, दवाखाना, कोर्ट, दाखला, सगळ्याची वाट तिकडेच जाते. आमच्या कामातल्या आंध आणि फासेपारधी कुटुंबांसाठी तर या शहराचा इतिहास नुसता वाचनाचा विषय नाही. मुलीचा प्रवेश त्यावर अवलंबून असू शकतो. म्हणून या अंकात मेहकरची ओळख करून देत आहे.

घाटावरचे गाव

बुलढाणा जिल्ह्याचे जुन्या लोकांनी दोन भाग केले आहेत: घाटाखाली आणि घाटावर. घाटाखालचा मलकापूर, नांदुरा, शेगावचा सपाट मुलूख पूर्णेच्या खोऱ्यात येतो आणि तिथले पाणी तापीवाटे अरबी समुद्राला मिळते. मेहकर घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर आहे. बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा मेहकरजवळून आग्नेयेकडे वाहते, पुढे वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यातला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

पठारावरची ही जागा रस्त्यांच्या दृष्टीने मोक्याची आहे. पश्चिमेला जालना, पूर्वेला वाशीम, उत्तरेला खामगाव, दक्षिणेला लोणारचे सरोवर आणि त्यापलीकडे मराठवाडा. रेल्वे मेहकरला कधी आली नाही. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. पूर्वी याच वाटांनी फौजा गेल्या. १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी नागपूरकर भोसल्यांवरील मोहिमेत येथे तळ दिला होता. १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध नागपूरकडे निघालेली जनरल डव्हटनची फौजही येथे थांबली होती. फौजांमागून व्यापारी, विणकर आणि भटके आले. फासेपारधी शिकारीसाठी फिरत. त्यांच्यापैकीच टाकणकर म्हणवणारे लोक घरोघर जाऊन जात्याला टाकी लावून देत आणि त्यावर पोट भरत.

मोठेपण आले आणि गेले

गावाच्या नावाची कथा सांगतात ती मेघंकर नावाच्या दैत्याची. शार्ङ्गधर रूपातल्या विष्णूने त्याला मारले म्हणून हे मेहकर. शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ मध्ये येथे जमिनीतून निघाली. कंचनीचा महाल म्हणून ओळखली जाणारी पडकी वास्तूही येथेच आहे. कवी ना. घ. देशपांडे यांनी वकिली केली तीही याच गावात.

राज्यकारभारात मात्र मेहकरचे स्थान आजच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक ‘सरकार’ म्हणून मेहकरची नोंद आहे. सुभा, सरकार, परगणा यांना आजच्या भाषेत ढोबळपणे प्रांत, जिल्हा, तालुका म्हणता येईल. पुढे निजाम आणि भोसले दोघेही वऱ्हाडचा वसूल घेऊ लागले. त्या काळाला लोक दोअमली म्हणत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६४ मध्ये नैर्ऋत्य वऱ्हाडचा वेगळा जिल्हा झाला, तो काही काळ मेहकर जिल्हा म्हणूनच ओळखला गेला. १८६७ मध्ये नाव बदलून बुलढाणा झाले आणि मेहकर तालुक्याचे गाव उरले. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती पाच हजारांच्या थोडी वर होती.

सीमा हलल्या, माणसे तिथेच राहिली

आता मुद्द्याचे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला मागताना ६ सप्टेंबर १९५० या तारखेपूर्वी आपले कुटुंब कुठे राहत होते, हे दाखवावे लागते. पडताळणी समितीपुढे त्याआधीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन असते. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीला आपल्या आजोबा-पणजोबांचा कागद शोधावा लागतो. तो कुठे असेल हे कळायला, त्या वेळी गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या राज्यात होते ते माहीत हवे.

त्या दिवशी मेहकर महाराष्ट्रात नव्हते. महाराष्ट्र हे राज्यच नव्हते. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. लोणारच्या पलीकडची गावे तर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. जालना जिल्हा १९८१ मध्ये आणि हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्याआधी तिथले आजचे तालुके औरंगाबाद आणि परभणीत मोडत. आमच्या कित्येक कुटुंबांच्या सोयरिकी या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

जिल्ह्याच्या आतही असेच झाले. लोणार आज स्वतंत्र तालुका आहे, पण पूर्वी ते मेहकर तालुक्यात होते. जिजाऊंचे सिंदखेड राजाही मेहकर तालुक्यातच होते. सातपुड्याच्या पायथ्याचा जळगाव जामोद भाग १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. तिकडच्या भिल्ल, भिलाला किंवा कोरकू कुटुंबाचा फार जुना कागद हवा असेल तर अकोल्याचे नाव लक्षात ठेवावे लागते.

एका फासेपारधी मुलीच्या नर्सिंग प्रवेशाच्या वेळी हेच उपयोगी पडले. आजोबांचे गाव लोणारकडचे. तिथे विचारले तर उत्तर मिळाले, ‘इतके जुने आमच्याकडे नाही.’ मुलीचे वडील म्हणाले, ‘जाऊ द्या ताई, आमचं कुठं लिहिलेलं असणार?’ पण ते गाव जुन्या मेहकर तालुक्यातले होते. मेहकरला शोध घेतला, तेव्हा कोतवाल बुकात स्वातंत्र्याच्या आधीची मोडीतली एक ओळ मिळाली. आजोबांच्या थोरल्या भावाचा जन्म, बापाचे नाव, जात: पारधी. वडिलांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

तेव्हा यादीत मेहकर नव्हते

आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. विदर्भातल्या बहुतेक जमातींना सुरुवातीला ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. मेहकर त्यात नव्हता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रबंधने काढली. म्हणजे जे आजोबा कागदावर आदिवासी म्हणून कधी गणलेच गेले नाहीत, त्यांच्याच नोंदीवर नातीचा हक्क ठरतो. पण यातून एक बळही मिळते. जेव्हा सवलत नव्हती, तेव्हा कोतवालाने सहज लिहिलेली जात कोणी लाभासाठी लिहवून घेतली असे म्हणता येत नाही.

शोध कसा घ्यावा

पहिली पायरी घरातली. सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बसवून वंशावळ लिहून काढा: आजोबा, त्यांचे भाऊ, बाप, मूळ गाव आणि कुठकुठे पाल पडले ती गावे. सख्ख्या चुलत्याचा कागदही वडिलांच्या बाजूचा असल्याने उपयोगी पडतो. दुसरी पायरी, ते गाव १९५० मध्ये कोणत्या तालुक्यात होते ते पाहणे. तिसरी, तिथल्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागणे. गावच्या जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जमीन असल्यास जुना उतारा पाहणे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

नोंदीत टाकणकर, शिकारी किंवा फासेपारधी लिहिलेले असेल तर घाबरू नका. ही नावे पारधी जमातीसोबत अनुसूचीत एकाच नोंदीत आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. वैधता तपासणी समिती ठरवते. आदिवासी विकासाच्या योजनांसाठी आपल्या जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय अकोल्याला आहे.

पावसाळ्यात पाले उठतात आणि माणसे पांगतात. म्हणून ही वंशावळ उन्हाळ्यातच, लग्नसराईत सगळे एकत्र असताना लिहून घेतलेली बरी. म्हाताऱ्यांना गावांची नावे आठवतात तोवरच हा इतिहास हाती आहे.