पोथी वाचावी, की पोथी जगावी?

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट होते, तेव्हा देवघरातल्या पोथ्याही बाहेर निघतात. तांबड्या फडक्यात बांधलेली ज्ञानेश्वरी, कोपरे दुमडलेले हरिविजय. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी असेल तर काळ्या पुठ्ठ्याचे पवित्र शास्त्र. धूळ पुसली जाते, नवे फडके बांधले जाते आणि ग्रंथ पुन्हा जागेवर जातो. पारायणे किती झाली याचा हिशेब बहुतेक घरांत असतो. पण त्या पारायणांनी घरधन्याचा संताप मासाभर तरी उतरला का, सासूची जीभ थोडी तरी मऊ झाली का, हा हिशेब कोण ठेवतो?

हा प्रश्न सर्वच धर्मग्रंथांना आपल्या वाचकांविषयी पडलेला दिसतो. करिंथच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिले, तेव्हा त्या मंडळीत ज्ञानाला तोटा नव्हता, बोलणाऱ्यांनाही नव्हता. तरी पौल त्यांना सांगतो, की तुम्ही अजून तान्ही लेकरे आहात. तुम्हाला दूधच द्यावे लागते, अन्न पचत नाही. कारण काय? तर तुमच्यात हेवा आणि भांडणे आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर, पाठांतर भरपूर झाले, पण उष्टावण व्हायचे राहिले! कोणाला किती वचने येतात याची चौकशी पौलाने केली नाही. चार माणसे एकत्र कशी नांदतात, एवढेच त्याने पाहिले.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा शेवटही असाच आहे. माझी वचने ऐकून जो ती आचरतो, त्याचे घर खडकावर. जो नुसताच ऐकतो, त्याचे वाळूवर. कोकणातल्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. जांभ्यावर उभे राहिलेले घर आणि पुळणीवर घातलेले खोपटे यांतला भेद त्याला आषाढातला पहिला वादळी पाऊस शिकवतो. दोन्ही घरे उन्हाळ्यात सारखीच दिसतात, ही त्यातली खरी गोम!

या रत्नागिरी मुलखाने ग्रंथ जगणारी माणसे दिली. त्यांतले एक पावसचे. रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव आहे. तेथे १५ डिसेंबर १९०३ रोजी रामचंद्र विष्णू गोडबोले यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना स्वामी स्वरूपानंद म्हणू लागले. तरुणपणी पुण्याच्या बाबामहाराज वैद्य यांच्याकडून त्यांना नाथपरंपरेतला अनुग्रह मिळाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९३४ साली मोठे आजारपण आले, ते अगदी मृत्यूच्या उंबऱ्यापर्यंत. त्यातून उठल्यावर पावसला देसाई यांच्या ‘अनंत निवास’ या घरी ते राहिले आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तेथेच राहिले.

आता त्या चाळीस वर्षांचा विचार करा. दुसऱ्याचे घर, नाजूक प्रकृती, एक खोली. सात शतकांपूर्वीच्या मराठीमुळे सामान्य माणसाला ज्ञानेश्वरी दूर वाटते, म्हणून तिचा सोपा अभंगावतार त्यांनी केला; अमृतानुभवही असाच जवळ आणला. पण आपल्यासारख्या संसारी माणसांनी लक्षात ठेवावे असे काही त्याहूनही निराळे आहे. चार दिवसांचा पाहुणासुद्धा घराला जड होतो, हा आपला रोजचा अनुभव. आणि हा एक आजारी माणूस परक्या कुटुंबात चाळीस वर्षे राहतो, आणि ते कुटुंब त्याला आपले भाग्य समजते! ज्याच्या गरजा आवरलेल्या असतात त्याचाच भार वाटत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी माणसाची लक्षणे विस्ताराने आली आहेत. अमानित्व, म्हणजे मोठेपणाचा सोस नसणे, हे त्यांतले पहिले. त्या एका लक्षणाचा अर्थ ‘अनंत निवास’ने चाळीस वर्षे रोज पाहिला.

दुसरे नाव नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१, गाव करजगाव, तेही याच जिल्ह्यातले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचताना ते त्याच डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरदार दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या.

टिळक काही उपजत शांत पुरुष नव्हते. तापट, धांदरट, हाती आलेला पैसा वाटून मोकळे होणारे! लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त हे सारे आले आहे, आणि त्यामुळेच तो माणूस आपल्याला खरा वाटतो. वाढ झाली ती हळूहळू. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन यावे म्हणून त्यांनी स्वतः अभंग रचले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे जागा होती. उद्याची चिंता करू नका हे प्रवचनातले वचन वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, संसार पाठीशी असताना, त्यांनी शब्दशः घेतले. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले.

पण या गोष्टीतला सर्वांत कठीण अभ्यास लक्ष्मीबाईंचा. त्यांचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. एकाच घरात दोन पाणी, दोन चुली! मग एके दिवशी त्यांच्या मनाने कौल दिला, की देवाने माणूस केला, जात माणसाने केली. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतर.

वाचकहो, परक्या हातचा पहिला पेला ओठांना लावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पिढ्यांची किळस घशाशी येते. अंगणात अनाथ पोरे वाढवणे, त्यांना आपल्या पंगतीला बसवणे हे तर रोजचे काम. सर्व माणसे एका देवाची लेकरे, हे वाक्य आपण सर्वच मान्य करतो. लक्ष्मीबाईंनी ते गिळून दाखवले. आणि टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे पुढे नेले, तेही या अल्पशिक्षित बाईनेच.

एकाचा ग्रंथ ज्ञानेश्वरी, दुसऱ्याचा नवा करार. स्वामी एका खोलीत स्थिर झाले, टिळक आयुष्यभर भटकले. दोघांच्या तत्त्वज्ञानात अंतर आहे आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु दोघांच्या घरातली माणसे आपल्याला एकच साक्ष देतात: ग्रंथ ज्याच्या अंगी मुरला, त्याच्याजवळ बसणाऱ्याला निवांत वाटू लागते. परिपक्वतेची याहून सोपी परीक्षा नाही, आणि ती आपली आपल्याला घेता येत नाही. घरातल्या माणसांना विचारावी लागते.

तेव्हा या पाडव्याला नवा संकल्प करायचाच असेल, तर पारायणाची संख्या वाढवू नका. एक वचन निवडा. शत्रूचे भले चिंतावे, हे घ्या. किंवा मोठेपणा नको, हे घ्या. ते वर्षभर कचेरीत, स्वयंपाकघरात, भाऊबंदकीच्या कज्ज्यात चालवून पाहा. पहिल्या महिन्यात बहुधा आपण नापासच होऊ. पण ज्या भावाशी दोन वर्षे बोलणे बंद आहे, त्याच्या घरी भाऊबीजेला फराळाचे ताट घेऊन जाण्यासाठी चार ओव्या पाठ असाव्या लागत नाहीत. चपला तेवढ्या घालाव्या लागतात.